भावना दुखावणं आणि भीतीत जगणं : फोरिसाँ विरुद्ध फ्रान्स

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ८ नोव्हेंबर १९९६ रोजी एका तक्रारीवर आपलं मत दिलं. त्या मताला जोडलेल्या टिपणांत एक टिपण जेमतेम एका वाक्याचं आहे. लिहिणारे थॉमस बर्गेन्थाल, समितीचे सदस्य, पेशाने कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी म्हटलंय ते थोडक्यात असं : मी आउशवित्झ आणि साक्सनहाउझनच्या छळछावण्यांतून वाचलेला माणूस आहे, माझे वडील, आजोळचे आजी-आजोबा आणि कितीतरी नातलग नाझींनी मारले, तेव्हा या प्रकरणाच्या निर्णयातून बाजूला होण्यावाचून मला गत्यंतर नाही.

आउशवित्झला नेलं तेव्हा बर्गेन्थाल दहा वर्षांचे होते. पुढे जानेवारी १९४५च्या थंडीत कैद्यांना पायी हाकललं गेलं, त्यात त्यांच्या पायांची बोटं गेली. आणि तक्रारदार कोण? तर आउशवित्झमध्ये विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्याच असं सांगत फिरणारा एक फ्रेंच प्राध्यापक. त्याचं म्हणणं, माझ्या देशाने माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतलंय. ज्याने सगळं स्वतः भोगलं होतं तो सदस्य उठून बाहेर गेला, कारण कायद्याची रीत तशी आहे. उरलेल्यांनी कागद पुढ्यात ओढले.

रोबेर फोरिसाँ वि. फ्रान्स, तक्रार क्रमांक ५५०/१९९३. ज्यूद्वेषाला आवर घालायचा आणि बोलण्याची मोकळीकही राखायची, ही कसरत आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायद्याने कशी केली हे बघायचं तर याच्याइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं सापडत नाही. बोलकं म्हणतोय, निर्दोष नव्हे.

फोरिसाँ इतिहासकार नव्हता. फ्रेंच साहित्य हा त्याचा विषय, आधी सोर्बोनला आणि मग ल्योंच्या विद्यापीठात तो शिकवायचा. कवितेचा अर्थ लावताना शब्दाशब्दाचा कीस काढायची त्याला सवय, तेच हत्यार त्याने छावण्यांच्या कागदपत्रांवर चालवलं. २९ डिसेंबर १९७८ रोजी ‘ल मोंद’सारख्या प्रतिष्ठित दैनिकाने त्याचा लेख छापला, सोबत खंडनही छापलं. फ्रान्सभर खळबळ उडाली. फेब्रुवारी १९७९मध्ये ३४ इतिहासकारांनी त्याच दैनिकात निवेदन दिलं : एवढा नरसंहार तांत्रिकदृष्ट्या कसा शक्य झाला असं विचारायचं नसतं, तो झाला, म्हणजे शक्य होता. मला हे उत्तर तेव्हाही अपुरं वाटलं असतं. पण आईवडील गमावलेल्या माणसाला कुणी ‘पुरावा दाखवा’ म्हणत असेल तर तो आणखी काय बोलणार? निवेदन लिहिणाऱ्यांत पिएर व्हिदाल-नाके होते. ते १३ वर्षांचे असताना, मे १९४४मध्ये, त्यांच्या आईवडिलांना मार्सेयमध्ये पकडण्यात आलं. दोघं आउशवित्झहून परतले नाहीत.

हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९८० साली फोरिसाँ रेडिओवर बोलला. वायूच्या कोठड्या आणि ज्यूंचा संहार हे एकच ऐतिहासिक असत्य, त्याचा फायदा कुणाला होतो आणि किंमत कोण मोजतो, अशा थाटाचं वक्तव्य. त्यावरून १९८१मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण तेव्हा नकारवादाविरुद्धचा, म्हणजे संहार झालाच नाही म्हणण्याविरुद्धचा, खास कायदा अस्तित्वातच नव्हता. वांशिक बदनामी आणि चिथावणीची जुनी कलमं होती, त्यांनी काम भागलं.

खास कायदा आला तो १३ जुलै १९९०ला. मांडणारे कम्युनिस्ट खासदार जाँ-क्लोद गेसो, म्हणून ‘गेसो कायदा’. त्याच वर्षी मे महिन्यात कारपाँत्रा गावातल्या ज्यू दफनभूमीतल्या कबरींची विटंबना झाली होती आणि देश हादरला होता. १८८१च्या मुद्रण कायद्यात या नव्या कायद्याने ‘२४ मुकर्रर’ असं एक कलम घुसवलं. युद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाच्या सनदेतल्या कलम ६मध्ये ज्यांची व्याख्या आहे, आणि ज्यांबद्दल कुणी दोषी ठरलेलं आहे, त्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं अस्तित्व नाकारणं हा अपराध. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

या कलमात काय नाही ते बघा. हेतूचा उल्लेख नाही. परिणामाचा नाही. द्वेष पसरला का, पसरण्याची शक्यता होती का, हे सरकारी वकिलाने सिद्ध करायची गरज नाही. ‘नाकारलं’ एवढं पुरे.

दोनच महिन्यांनी, सप्टेंबर १९९०च्या अंकात, ‘ल शोक द्यु म्वा’ या मासिकाने फोरिसाँची मुलाखत छापली. त्यात त्याने कायद्याला सरळसरळ अंगावर घेतलं. ‘जादूच्या वायुकोठडी’वर आपला विश्वास नाही, ही दंतकथा म्हणजे एक लुच्चेगिरी आहे, न्यूरेंबर्गच्या विजेत्यांनी तिला मान्यता दिली आणि आता फ्रेंच सरकारने तिच्यावर अधिकृत शिक्का मारला, दरबारी इतिहासकारांच्या संमतीने, असा त्याचा सूर. प्रतिकारलढ्यातले सैनिक आणि छावण्यांत पाठवलेल्यांच्या ११ संघटना कोर्टात गेल्या. १८ एप्रिल १९९१ रोजी पॅरिसच्या न्यायालयाच्या सतराव्या शाखेने फोरिसाँ आणि मासिकाचा संपादक दोघांनाही दोषी ठरवलं. दंड आणि खर्च मिळून ३,२६,८३२ फ्रँक. डिसेंबर १९९२मध्ये अपिलातही तेच कायम झालं. शेवटच्या पायरीपर्यंत फोरिसाँ गेलाच नाही. जानेवारी १९९३मध्ये त्याने थेट जिनिव्हाला, मानवाधिकार समितीकडे, तक्रार पाठवली. देशातले सगळे उपाय वापरलेले नाहीत, असा आक्षेप फ्रान्सने घेतला. पण संपादकाचं शेवटचं अपील मध्यंतरी फेटाळलं गेलेलं असल्याने त्याच दारावर पुन्हा धडकण्यात अर्थ नव्हता, म्हणून समितीने तक्रार दाखल करून घेतली.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक खुलासा. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला एक ऐच्छिक पुरवणी आहे. ती मान्य केलेल्या देशाच्या नागरिकाला स्वतःच्या सरकारविरुद्ध या समितीकडे जाता येतं. फ्रान्सने ती मान्य केलेली आहे. भारत १९७९पासून करारात आहे, पण ती पुरवणी आपण मान्य केलेली नाही. म्हणजे पुण्याचा किंवा पणजीचा कुणी फोरिसाँ जिनिव्हाला जाऊ शकत नाही, आणि खऱ्याखुऱ्या अन्यायाने भरडलेला माणूसही नाही.

कराराचं कलम १९ अभिव्यक्तीचा हक्क देतं आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात तीन अटींवर बंधनाची मुभा देतं. बंधन कायद्याने घातलेलं हवं, ठरावीक हेतूंपैकी एखाद्यासाठी हवं, आणि त्या हेतूसाठी आवश्यक हवं. कलम २०चा दुसरा परिच्छेद आणखी पुढे जातो : भेदभाव, वैर किंवा हिंसेला चिथावणी देणारा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक द्वेषाचा पुरस्कार कायद्याने बंद केलाच पाहिजे. मधे बरीच मोकळी जमीन उरते. फोरिसाँ त्या जमिनीवर उभा होता. ‘ज्यूंना मारा’ असं तो म्हणाला नव्हता. तो म्हणत होता, ते मेलेच नाहीत, उगाच कांगावा करतात.

समितीने आधी एक हात राखून ठेवला. कायदा म्हणून गेसो कायदा चांगला की वाईट हे आम्ही ठरवत नाही. वेगळ्या परिस्थितीत त्याचा वापर कराराविरुद्ध जाऊ शकतो. आमच्यापुढे आहे ती या माणसाची, या वाक्यांबद्दलची शिक्षा. मग तीन कसोट्या. कायद्याने घातलेलं? हो. हेतू? इथे समितीने एक वाक्य लिहिलंय ते सावकाश वाचण्याजोगं आहे. या विधानांचं स्वरूपच, पूर्ण संदर्भात वाचली असता, ज्यूद्वेषाची भावना चेतवणारं किंवा बळावणारं होतं. म्हणून ज्यूद्वेषाच्या वातावरणाच्या भीतीपासून मुक्त जगण्याचा ज्यू समाजाचा हक्क या बंधनाने जपला.

भीतीपासून मुक्त. ‘भावना दुखावल्या’ हा शब्दप्रयोग त्या मतात शोधून सापडत नाही. आपल्याकडे भावना रोज दुखावतात. पोस्टर लागलं, नाटक आलं, कुणी व्यंगचित्र काढलं की पोलीस ठाण्यात अर्ज. १९२७ साली दंडसंहितेत २९५-अ आलं, आता न्यायसंहितेत ते २९९ म्हणून वावरतंय, आणि त्याचा मध्यबिंदू भावना हाच आहे. जिनिव्हात मात्र प्रश्न वेगळा विचारला गेला. तुमच्या बोलण्याने कुणाला राग आला, कुणाला अपमान वाटला, याने काही ठरत नाही. तुमच्या बोलण्याने एखाद्या समाजाचं शेजारात निर्धास्त राहणं कठीण होतं का? १९४२ ते ४४मध्ये फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू छावण्यांत पाठवले गेले, परतले २,५००च्या आसपास. जुलै १९४२मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत जे तेरा हजारांवर लोक धरले गेले, ते धरणारे फ्रेंच पोलीस होते. मागे राहिलेल्यांच्या मुलाबाळांना ‘तुमचे आजोबा मेलेच नाहीत, पैशासाठी रचलेली गोष्ट आहे’ असं भर चौकात सांगितलं जातं, तेव्हा त्यांना जे वाटतं त्याला दुखावणं म्हणणं म्हणजे फारच सौम्य झालं.

एलिझाबेथ इव्हॅट या ऑस्ट्रेलियन आणि डेव्हिड क्रेट्झमर हे इस्रायली सदस्य. दोघांनी मिळून सहमतीचं स्वतंत्र मत लिहिलं, जर्मनीच्या एकार्ट क्लाइन यांनी त्यावर सही केली. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात सकस लिखाण तेच. ते म्हणतात, सिद्ध झालेल्या इतिहासाला नुसतं आव्हान देणं हा इथला मुद्दा नाही. निःपक्ष संशोधनाचा बुरखा पांघरून सुचवलं काय जातंय ते बघा : बळी गेलेलेच लबाड आहेत. द्वेष पसरवणारे लोक शहाणे असतात, चिथावणीच्या कलमात बसणार नाही अशी भाषा ते शोधून काढतात, आणि तिचा परिणाम उघड चिथावणीइतकाच, कधी अधिक, विखारी असतो. ‘जादूची’ हे एक विशेषण. त्या एका शब्दातला खवचटपणा दोघांनी नेमका पकडला. पण त्याच मतात त्यांनी कायद्यालाही सोडलं नाही. गेसो कायदा फार ऐसपैस शब्दांत लिहिलाय, हेतूशी किंवा परिणामाशी त्याने गुन्हा बांधलेला नाही, प्रामाणिक संशोधनही त्यात सापडेल, असं स्पष्ट म्हटलं.

जपानचे निसुके आंदो आणखी थेट बोलले. ‘नाकारणं’ हा शब्द सैल वापरला तर मताच्या स्वातंत्र्यावरच घाला येईल. ज्यूद्वेषाच्या नेमक्या कृत्यांना धरणारा कायदा करा, हा नको. मॉरिशसचे राजसुमेर लाला यांनी कलम २०चा आधार घेतला.

आणि एक नाव आपल्या ओळखीचं. पी. एन. भगवती, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले, भारताचे माजी सरन्यायाधीश. त्यांनीही स्वतंत्र सहमतीचं मत जोडलं, तिन्ही अटी एकेक करून तपासल्या. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाचा कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित ठेवणाऱ्या बहुमतात हेच भगवती होते. पुढे त्यांनी त्याची जाहीर खंत व्यक्त केली. सरकार ‘आवश्यक होतं’ म्हणतं तेव्हा न्यायाधीशाने ते किती मान्य करावं, याचा कडू धडा त्यांच्याइतका समितीत क्वचित कुणाच्या गाठी असेल.

कारण घोडं पेंड खातं ते तिथेच, तिसऱ्या अटीशी. बंधन आवश्यक होतं का, याचं समितीने दिलेलं उत्तर मला आजही लंगडं वाटतं. फ्रान्सने सांगितलं की हा कायदा वंशवाद आणि ज्यूद्वेषाशी लढण्यासाठी आहे. न्यायमंत्र्यांनी म्हटलं होतं की संहार नाकारणं हे ज्यूद्वेषाचं मुख्य वाहन आहे. या म्हणण्याला छेद देणारा युक्तिवाद आमच्यापुढे आला नाही, सबब आमचं समाधान झालं, कराराचा भंग झालेला नाही, असं समितीने लिहून टाकलं. म्हणजे सिद्ध करायचं ओझं सरकारवरून उचलून तक्रारदाराच्या पाठीवर ठेवलं. १९८१मध्ये जुन्या कलमांखाली हाच माणूस दोषी ठरला होता, मग नवं कलम कशाला, हा साधा प्रश्न विचारायला हवा होता. फोरिसाँसारख्या माणसाने तो धडपणे मांडला नसेल. समितीने स्वतः विचारायला काय हरकत होती? मंत्र्याच्या वाक्यावर आवश्यकता मान्य करायची ठरवली तर जगातल्या कुठल्याही मंत्र्याला दोन वाक्यं लिहून देता येतात.

तेव्हा माझं मत : शिक्षा टिकली ते ठीक, कायदा ढिसाळ, आणि निकालाची कारणं अर्धवट.

व्हिदाल-नाके, ज्यांच्या आईवडिलांचं आउशवित्झ फोरिसाँ खोटं ठरवत होता, ते आयुष्यभर या कायद्याच्या विरोधात राहिले. नकारवाद्यांबद्दल बोलावं, त्यांच्याशी वाद घालू नये, ही त्यांची रीत. पण सत्य काय हे संसदेने ठरवू नये. डिसेंबर २००५मध्ये १९ इतिहासकारांनी गेसो कायद्यासकट असे सगळे ‘स्मृतीचे कायदे’ रद्द करा म्हणून पत्रक काढलं, त्यावर त्यांची सही आहे. त्यांच्या भूमिकेला एक टोकदार पार्श्वभूमी होती. ज्या राज्यसंस्थेच्या पोलिसांनी लोक धरून दिले, तिच्या वतीने राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जबाबदारी मान्य केली ती थेट जुलै १९९५मध्ये, फोरिसाँची तक्रार जिनिव्हात पडून असताना. चार वर्षं आधी प्राध्यापकाला नकारासाठी गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या राज्यसंस्थेला स्वतःचा होकार द्यायला अर्धशतक लागलं. फोरिसाँ राहायचा ते गावही विशी, नाझींशी हातमिळवणी केलेल्या पेतँ सरकारची राजधानी. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

समितीने स्वतःची चूक उघडपणे कबूल केली नाही, पण वाट बदलली. जुलै २०११मध्ये कलम १९वर तिने सविस्तर भाष्य काढलं, क्रमांक ३४. त्याच्या ४९व्या परिच्छेदात म्हटलंय की ऐतिहासिक घटनांबद्दलच्या मतांना शिक्षा देणारे कायदे कराराशी जुळत नाहीत; चुकीच्या मताला किंवा भूतकाळाच्या चुकीच्या अर्थाला सरसकट बंदी घालता येत नाही. तळटीप कशाची, तर फोरिसाँ प्रकरणाची. त्याच्या आदल्याच परिच्छेदात ईश्वरनिंदेच्या कायद्यांना नकार आहे, तो आपल्याकडे कुणी फारसा वाचत नाही. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या रबातमध्ये तज्ज्ञांनी सहा प्रश्नांची चाळणी तयार केली : संदर्भ काय, बोलणारा कोण, हेतू काय, मजकूर आणि त्याची धाटणी कशी, पोचलं किती लोकांपर्यंत, आणि अपाय होण्याची शक्यता किती जवळची. इव्हॅट-क्रेट्झमर यांनी १९९६मध्ये जे हाताने चाचपलं होतं, त्याला इथे आकार आला. १९९०चा फोरिसाँ या चाळणीत अडकेल असं मला वाटतं. शाळेत वाचन कच्चं राहिलेला, मोबाइलवरचं काहीतरी पुढे ढकलणारा पोरगा अडकणार नाही, आणि अडकूही नये.

त्या पोराची आठवण येण्याचं कारण आहे. आवास, नवगाव, पनवेलकडचे बेने इस्रायली ज्यू म्हणजे आपले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. कोकणाने त्यांना कधी हाकललं नाही, हे खरं आणि अभिमानाचं. पण म्हणून ज्यूद्वेष हा आपला विषयच नाही असं मानण्यात आळस आहे. पदपथावर हिटलरचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून त्याचं कौतुक लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. इथे कुणी नाकारत नाही, माहीतच नसतं. त्यावर गेसोचा कायदा काय करणार?

फ्रान्समध्ये गोष्ट थांबली नाही. २६ डिसेंबर २००८ रोजी पॅरिसच्या झेनिथ सभागृहात दिएदोने या विनोदी कलाकाराने कार्यक्रमाच्या शेवटी फोरिसाँला रंगमंचावर बोलावलं आणि एक थट्टेचं बक्षीस दिलं. बक्षीस घेऊन आलेल्या माणसाच्या अंगावर छावणीतल्या कैद्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, छातीवर पिवळा तारा. प्रेक्षक हसले, टाळ्या पडल्या. दहा हजार युरो दंड झाला. दिएदोने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१५मध्ये न्यायालयाने त्याला दारातूनच परत पाठवलं. युरोपीय करारातलं कलम १७ सांगतं की हक्कांचाच नाश करायला हक्क वापरता येत नाहीत. तुझा कार्यक्रम ही कला नव्हे, ती सभा होती. निकाल समजण्यासारखा आहे. तरी मला जिनिव्हाची पद्धत, तिच्या लंगडेपणासकट, अधिक पटते. तक्रार आत घ्या, तोला, कारणं लिहा; कारणं चुकली तर पुढची पिढी त्यांना धरून ओढते. दारातून परत पाठवलेला माणूस बाहेर जाऊन हुतात्मा होतो.

फोरिसाँ तर त्या कलेत तरबेज होता. १९८९मध्ये विशीच्या बागेत त्याला तरुणांनी बेदम मारलं, तेही त्याने भांडवलात जमा केलं. ती मारहाण गुन्हाच होती, हेही इथे नोंदवतो.

पण बोलण्याच्या हक्काचा हा पुजारी दुसऱ्यांच्या बोलण्यावर मात्र खटले भरायचा. माजी न्यायमंत्री रोबेर बादांतेर यांनी टीव्हीवर त्याला इतिहासाची बनावट करणारा म्हटलं, तर त्याने बदनामीचा दावा लावला. बादांतेर यांचे वडील ल्योंमध्ये पकडले जाऊन सोबिबोरमध्ये संपले होते. २००७मध्ये कोर्टात उभं राहून त्यांनी तेच शब्द फोरिसाँच्या तोंडावर पुन्हा उच्चारले. दावा फेटाळला गेला. मग ‘ल मोंद’च्या एका पत्रकार महिलेने त्याला व्यावसायिक खोटारडा म्हटलं. त्याने पुन्हा दावा लावला. खटला पॅरिसच्या त्याच सतराव्या शाखेपुढे आला, जिने १९९१मध्ये त्याला दंड केला होता. या वेळी गेसो कायद्याचा संबंध नव्हता. प्रश्न होता एवढाच, की पत्रकाराने लिहिलेलं खरं आहे का. दोन्ही बाजूंचे कागद, साक्षी, जुने निकाल सगळं समोर आलं. जून २०१७मध्ये न्यायालयाने सांगितलं : हो, खरं आहे, ते सिद्ध झालंय. दावा त्याचा, निकाल त्याच्याविरुद्ध. पुढल्या वर्षी अपिलातही तो हरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ८९व्या वर्षी, विशीत वारला.